लग्नाचा बार

चिरंजीव पुतण्यास, काकाचे आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? कोठडीतल्या सोबत्याचा खोकला थांबला का? चौकशी करणाऱ्या साहेबांचीही प्रकृती चांगली राहो. त्यांचं डोकं दुखलं की तुझे हाल.

'पुढच्या महिन्यात बार उडवूनच टाकू,' असं नाक्यावरच्या फोनवरून मी तुला म्हणालो आणि स्फोट समजून पोलिसांनी तुला उचललं. बोलणारा कोण, हे तू सांगत नाहीस म्हणे. मला वाचवायला अतिरेकी ठरतोयस, वेड्या! म्हणून आज मीच ठाण्यावर गेलो.

"साहेब, बार म्हणजे लग्न हो. या पोराचं."

"लग्न उडवतात होय, आजोबा? बरं, मुलगी कोण?"

"ती... बघायची आहे अजून."

साहेबांनी लिहून घेतलं, 'लग्न ठरलेलं नाही,' आणि मला घरी धाडलं.

भिंतींना कान असतात, पण 'म्हणजे काय?' विचारायला तोंड नसतं रे. तुझ्या मनात कुणी असेल तर नाव कळव, असं लिहिणार होतो. पण पत्रं साहेब आधी वाचतात. तिलाही धरून नेतील. म्हणून हे पत्र टपालपेटीत टाकतच नाही.

तू मात्र लवकर लिही. कुणाचं नाव नको, नुसती खुशाली.

तुझा बोलघेवडा काका