तीस शब्दांत काटकसर

मंगळवार, दुपार

तीर्थरूप ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकतात. उरलेली दोन मनातल्या मनात टेकली असं समज.) तुझी तब्येत ठणठणीत असणार असं मी धरून चालतो, कारण नसती तर तू कळवलं असतंस. इकडे आम्ही दोघंही मजेत. फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की शेजारचे दार वाजवून विचारतात, भांडण कुणाशी चाललंय.

तर बातमी अशी की येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता साप्ताहिकाच्या संपादकबाई आपल्या घरी येणार आहेत. माझ्या ‘काटकसरीचा कानमंत्र’ या सदरातल्या पाच युक्त्या मी त्यांच्यादेखत करून दाखवायच्या. पाचही जमल्या तर सदर पुढे चालू. एक जरी फसली तरी सदर बंद, वर पहिल्या पानावर दिलगिरी. मी घाबरलेलो नाही. पण तुझ्यापासून काय लपवायचं, निवृत्त झाल्यापासून मला ओळखणारे दोनच उरलेत, एक पेन्शनचा कारकून आणि दुसरं हे सदर. कारकून तर चष्मा लावल्याशिवाय ओळखत नाही. सदरामुळे निदान फळवाला मला ‘तारमास्तर’ म्हणून हाक मारतो आणि सडकं फळ खाली न घालता वर घालतो, म्हणजे मला निवडून परत करता येतं. ते गेलं तर मी नुसता पिशवी घेऊन फिरणारा म्हातारा.

आता तू म्हणशील, त्या युक्त्या तुझ्या कुठल्या, त्या तर माझ्या. कबूल. तीन वर्षं तुझ्या प्रत्येक पत्रातली युक्ती मी छापायला देतो आहे. तुला विचारायचं राहून गेलं, पण घरातल्या घरात काय विचारायचं. (तुझा उल्लेख करायची फार इच्छा होती. जागा नव्हती.) अडचण अशी की तू लिहितेस पानभर आणि सदराला मिळतात तीस शब्द. अर्थात चौतीस वर्षं तारऑफिसात काढलेल्या माणसाला शब्द कापायला कुणी शिकवायला नको. लोक डोळे पुसत अर्धा कागद लिहून आणायचे, मी त्यांचं काम आठ शब्दांत भागवून द्यायचो, आणि तार मिळालेला माणूस तेवढ्यावरही व्यवस्थित रडायचा. त्याच सरावाने मी तुझ्या पत्राच्या वरच्या ओळी ठेवतो आणि खालच्या उडवतो. माणूस महत्त्वाचं ते आधी सांगतो, असा आमच्या खात्याचा अनुभव. तू मात्र महत्त्वाचं ते शेवटी सांगतेस, हे मला गेल्या शनिवारी संपादकबाईंच्या फोनवरून कळलं.

झालं असं की वाचकांची पत्रं आली. एका मुख्याध्यापिकाबाईंनी सदर वाचून गुलाबाच्या कुंडीत चहाचा चोथा घातला. आता त्यांच्या गॅलरीत मुंग्यांची शाळा भरते आणि बाईंना खुर्ची टाकायला जागा नाही. दाताच्या एका डॉक्टरांनी लिंबू चोळून टेबलावरचा डाग काढला. डाग गेला, त्याबरोबर संगमरवराची चकाकीही गेली आणि जिथे डाग होता तिथे आता कायमचा पांढरा ठिपका आहे. तिसरं पत्र एका बाईंचं, ते मला वाचून दाखवलं नाही. संपादकबाई एवढंच म्हणाल्या की ते कुटुंबात वाचण्यासारखं नाही.

मी त्यांना ठणकावून सांगितलं की युक्त्या अस्सल आहेत, वाचक धांदरट आहेत, आणि तुम्ही खुशाल घरी येऊन बघा. (हे वाक्य मी उगाच बोललो असं हिचं म्हणणं आहे. असेना.) काल सोमवारी रंगीत तालीम घेतली. हिने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून सांगितलं की आत पाऊल टाकायचं नाही, न्हाणीघर आणि गॅलरी तुमची. ही भाजी आणायला गेल्यावर मी पाऊल टाकलं. करपलेलं भांडं सोडा घालून उकळलं की लख्ख होतं, हे तू लिहिलंस, मी छापलं. करपलेलं भांडं घरात सापडेना, म्हणून हिचं दुधाचं ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं, आधी नीट करपवलं आणि मग सोडा टाकून उकळलं. करपलेलं निघालं यात शंकाच नाही. पण पातेलं आतून इतकं काळं पडलं की ते मी सध्या पुस्तकांच्या कपाटात ठेवलं आहे.

मग साबणाचे उरलेले तुकडे. ते गरम पाण्यात विरघळवून कपड्यांसाठी द्रव करायचा, इथपर्यंत तुझं अक्षर मला स्पष्ट आठवतं. केला. धुण्याच्या यंत्रात दोन मोठे पेले ओतला. दहा मिनिटांनी फेस न्हाणीघरातून बाहेर पडला, बैठकीत आला, दाराखालून जिन्यात गेला आणि खालच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या दुकानात, एका नवरदेवाच्या सुटाजवळ जाऊन थांबला. शिंपी वर आला तेव्हा मी त्याला सांगितलं की जिना स्वच्छ होतोय, पैसे नकोत. त्याने शिवायला दिलेली माझी पँट उसवलेलीच परत पाठवली आहे.

तात्पर्य, तालीम चांगली झाली. काय करायचं नाही ते सगळं कळलं, आणि अजून चार दिवस हातात आहेत. बाकी विशेष काही नाही. तुझी विचारपूस करावी म्हणूनच सहज लिहिलं. तब्येतीला जप.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. लिहितोच आहे तर एक किरकोळ काम. सोडा, चहाचा चोथा, लिंबू, साबण आणि लाकडी कपाटाला लावायचं तेल, या पाच युक्त्यांखाली तू शेवटी जे काही लिहिलं होतंस, ते शनिवारच्या आत पोचेल अशा बेताने लगेच पाठव. मूळ पत्रं बघायला हवी होती, पण त्यांचा खालचा भाग पाठकोरा असतो, तो कापून मी वाण्याच्या याद्या करतो. पाठकोरा कागद फुकट घालवू नये, हे तूच लिहिलं होतंस. (त्याखालीही काहीतरी होतं.)

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात हिने सामानाबरोबर वाण्याकडून परत आलेली एक यादी माझ्यापुढे ठेवली. एका बाजूला माझं अक्षर, तांदूळ, काडेपेट्या, मीठ. दुसऱ्या बाजूला तुझं. “गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. चार महिने खाली गेले नाही. जमेल तेव्हा एकदा येऊन जा.” मी हिला विचारलं, अशा ओळी आणखी किती पत्रांत होत्या. ती म्हणाली, “मागच्या आठही पत्रांत. मी दर वेळी सांगायचे, तुम्ही पुढच्या महिन्यात म्हणायचात.”

ताई, मला फार लाज वाटली. खोटं सांगत नाही. ते पाच युक्त्यांचं राहू दे, काही पाठवू नकोस. शनिवारच्या पहिल्या गाडीचं तिकीट आत्ता काढून आलो. सदर राहो नाहीतर जावो, चांगला आठवडाभर तुझ्याकडे राहतो. मी घरी नाही हे बघून संपादकबाई काय समजायचं ते समजतील.

वन्संना माझा नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून या चार ओळी माझ्या. हे कात्री चालवायच्या आधी तुमची पत्रं मी पूर्ण वाचते. चोथा धुऊन घालते, भांडं स्टीलचं घेते, साबणाचं पाणी हातानेच वापरते. तेव्हा संपादकबाईंना पाचही गोष्टी मी दाखवीन. त्यांच्याशी बोलणं झालंय. इथून पुढे सदराखाली नाव तुमचं येईल आणि जागाही पूर्ण पानाची मिळेल. यांना इतक्यात सांगत नाही, दोन दिवस जरा झोप उडू दे. तिकडे आले की रोज तुम्हाला हात धरून खाली न्यायचं काम त्यांना द्या. आठवडाभर राहतो म्हणून वर लिहिलंय ते मी वाचलं. परतीचं तिकीट त्यांनी शनिवारच्याच संध्याकाळचं काढलं होतं. ते मी त्यांच्या खिशातून काढून घेतलंय.