गॉलचा चौथा डाव

११ जून, गुरुवार

थप्प. थप्प. काथ्याच्या चटईवर चेंडू पडल्याचा आवाज. पूर्वलेख लिहायला बसलो आणि साठ वर्षांमागचा तो आवाज कानात घुमायला लागला. आम्ही वर्गात, गुरुजी पट्टी आपटत चरण म्हणून घेतायत आणि बाहेर मोठ्या मुलांचा सराव. कधी कधी पट्टी आणि चेंडू एकाच तालात पडायचे. तेव्हापासून मला कविता आणि क्रिकेट वेगळं करता आलं नाही.

बुधवारपासून न्यूझीलंडशी कसोटी. गॉलला पहिली कसोटी झाली तेव्हापासून आमच्या पेपरात तिचा पूर्वलेख माझाच असतो. यंदा लिहिलं: खेळपट्टी पहिले दोन दिवस गोड बोलेल, तिसऱ्या दिवसापासून दात दाखवेल. टॉस जिंकलात तर बॅटिंग घ्या. चौथ्या डावात दोनशेसुद्धा डोंगर आहे.

संध्याकाळी पाठवला. सोमलता म्हणाली, "अय्ये, आता तरी नारळाची पोळ रोटी खा. गार होऊन तिची चटई झालीय." मला अय्ये, म्हणजे दादा, म्हणणारी धाकटी बहीण, पण दरारा आईचा.

१२ जून

लेख पोचल्याचा निरोप नाही. एरवी पेपरातला सुपुन लगेच कळवतो.

१३ जून, शनिवार

छापून आलाय. माझा नाही.

'क्रीडा विभागाकडून' एवढंच नाव. म्हणे, "गॉलवर चौथ्या डावात अडीचशेचा पाठलाग अवघड नाही." चहा हातातच राहिला. हा आकडा कुठून आला ते मला वाचताक्षणी कळलं. सुनामीआधीच्या आणि नंतरच्या कसोट्या एकत्र मोजल्यात!

समुद्र आत आला त्या सकाळी ती माती गेली. मैदान पुन्हा उभं राहिलं तेव्हा खेळपट्टी नवी होती. नाव जुनं, स्वभाव वेगळा. जुन्या धावा नव्या मातीत मिळवणं म्हणजे एका बाईच्या सासरच्या तक्रारी दुसरीच्या नावावर घालणं. म्हणून दोन्ही वेगळे मोजायचा हा नियम मी माझ्या आकड्यांच्या डेटाबेसच्या आतच लिहून ठेवला. स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे आकड्यांसोबतच साठवलेली मोजायची रीत. पेपर विचारो, रेडिओ विचारो, उत्तर त्या नियमातूनच बाहेर येणार. हे उत्तर तसं आलेलं नाही. कोणीतरी नियम ओलांडून थेट तक्त्यांत हात घातलाय.

तक्ते थेट उघडायची किल्ली, म्हणजे पासवर्ड, तिघांकडे. एक मी. दुसरा सुपुन. तिसरी संपादक मेरिल महत्तयांकडे, माझ्या ऑपरेशनच्या वेळी बंद पाकिटात दिलेली. पण त्यांना साधी मेल उघडायला माणूस लागतो.

राहिला सुपुन.

त्याचा ऑफिसचा नंबर लागत नाही. दुसरा माझ्याकडे नाही.

१४ जून

मेरिलना फोन केला. "सर, रागावू नका. आता कंप्युटर दोन मिनिटांत पूर्वलेख लिहितो. आकडे तुमचेच आहेत की! खाली बारीक अक्षरात नावही टाकलंय."

पाहिलं. खरंच आहे. लेखाला माझं नाव नाही, चुकीच्या आकड्यांना आहे.

"तक्ते कोणी उघडले?"

"आमच्याच माणसांनी. चला, मीटिंग आहे."

आमच्याच माणसांनी.

सुपुनला मी स्कोअरिंग शिकवलं. बारा वर्षांचा होता, आज चौतिशीत आहे. गेल्या वर्षी याच ओट्यावर माझ्याशी भांडला होता. "सर, सगळंच प्रोसिजरमध्ये कोंबू नका. तपासायला त्रास, दुसऱ्या डेटाबेसवर न्यायचं तर पुन्हा लिहा. आणि तुमच्यानंतर ती वाचणार कोण?"

"तू वाच."

"मला तुमची कविताच कळत नाही, प्रोसिजर कुठली!"

त्याचं बरंचसं बरोबर होतं. आलेख कसा दिसावा, वाक्य कसं जुळवावं, जे दर आठवड्याला बदलतं ते बाहेरच बरं. तक्त्यातली नुसती एक ओळ वाचायला प्रोसिजर कशाला? पण जिथे नियम एक आणि विचारणारे अनेक, तिथे तो आतच हवा. आमच्या सिंहली चौपदीत चारही ओळींना एकच यमक असतं. ते कवितेतच असतं, वाचणाऱ्याच्या मर्जीवर नसतं. हे सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "हे पटलं, सर. सुनामीचा नियम आतच राहू दे. त्याला मी हात लावू देणार नाही."

शब्द दिला होता. त्यानेच.

१५ जून

बाजारात मासेवाल्या पियसेनानेही सोडलं नाही. "काय मास्तर, चौथ्या डावात अडीचशे सोपे? म्हातारपणी नारळाचं झाड उलटं दिसायला लागलं काय?" सगळे हसले. मीही हसलो. मासे न घेताच आलो.

दुपारी पत्र लिहिलं. दक्षिण प्रांताच्या स्कोअरर असोसिएशनला. 'माझा शिष्य सुपुन याने विश्वासाने दिलेली किल्ली वापरून माझे तक्ते परस्पर उघडले. जो नियम पाळत नाही, त्याच्या हातची वही खरी कशी मानावी?' शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. लय चांगली साधली होती.

सोमलता म्हणाली, "आधी पोराला विचार तरी."

"विचारायचं काय त्यात? शब्द मोडला त्याने."

"मग उद्या पाठव."

आजच पाठवलं.

१६ जून, मंगळवार

असोसिएशनचं उत्तर आलं. 'आपल्या पत्राची गंभीर दखल घेतली. या कसोटीसाठी श्री. सुपुन यांना दिलेली अधिकृत स्कोअररची खुर्ची काढून घेत आहोत.'

ती खुर्ची त्याला मिळाल्याचं मला माहीतच नव्हतं. त्याची पहिली कसोटी असती.

जेवण गेलं नाही. न्याय झाला, असं दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

१७ जून

सामना सुरू झालाय. रेडिओ लावला नाही.

दहाच्या सुमाराला फाटक वाजलं. पांढरी साडी नेसलेली, साठीची बाई. हातात विड्याच्या पानांची जुडी. गुरूकडे काही मागायला जाताना नेतात तशी. मी ओळखलं नाही.

"मी करुणावती. सुपुनची आई. मातरहून पहिल्या बसने आले."

बस म्हटलं तरी बसली नाही. "सर, तो तीन आठवडे घरीच आहे. 'सरांच्या नियमाशिवाय तक्ते उघडू देणार नाही' म्हणाला, म्हणून पेपरने काढून टाकलं. ऑफिसचा फोनही काढून घेतला. 'सरांना सांगू नको, त्यांची तब्येत बरी नसते,' असं मलाच बजावलं. म्हटलं, निदान खुर्ची तरी आहे. काल तीही गेली. कोणीतरी पत्र लिहिलंय म्हणे. तुमचा शब्द सगळे मानतात. तुम्ही सांगाल त्यांना?"

आणि वाकून तिने पानं पुढे केली.

मेरिलना दिलेलं ते बंद पाकीट आठवलं. मी पानं घेतली. पत्र कोणी लिहिलं ते तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.