दोन शबाना शेख

सोम., २ फेब्रु.
साठे सरांशी पुन्हा तोच वाद. हॉस्पिटलच्या नव्या एचआर सॉफ्टवेअरमधून कंत्राटी स्टाफचे कर्मचारी क्रमांक येत नाहीत. सर आमच्या आयटीचे प्रमुख. म्हणाले, "मग नाव आणि वॉर्ड जुळवून घे." म्हटलं, "नावावरून माणूस धरायचा तर पुण्यात मोजून दहा जोशी उरतील, सर." हसले नाहीत. जेवणानंतर स्वतःच बसून डेटाबेसची जोडणी बदलली, क्रमांकाऐवजी नाव आणि वॉर्डावर. मी बघत बसले.

पूर्वी एकेका कॉम्प्युटरवर जाऊन खाती उघडायचो, बंद करायचो. मीच सगळं एका जागी आणलं. माणसं एका टेबलात, मशिन्स दुसऱ्यात, कुणाला काय उघडता येईल ते तिसऱ्यात. एक ओळ बदलली की सगळ्या हॉस्पिटलात बदलतं. याचंच कौतुक झालं होतं तेव्हा.

गुरु., ५ फेब्रु.
जे व्हायचं ते झालं.

आयसीयूत शबाना शेख दोन. एक जुन्या, कायम. दुसरी कंत्राटी, तिनं काल राजीनामा दिला. एचआरनं तिची नोंद बंद केली. नाव तेच, वॉर्ड तोच. दोघींची खाती बंद झाली.

जुन्या शेख सिस्टर ड्यूटीवर, पेशंट आजोबांना धाप लागलेली, आणि लॅबचा रिपोर्ट उघडेना. आयटीचा फोन सतत एंगेज. शेवटी त्यांनी शेजारच्या सिस्टरच्या पासवर्डनं रिपोर्ट पाहिला, डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवला, ते म्हणाले ते इंजेक्शन दिलं. आजोबा वाचले.

मी धावत वर गेले तेव्हा त्या हात धूत होत्या. "प्रज्ञा, मी राजीनामा दिलाय का गं? कॉम्प्युटर म्हणतो तशी कुणी सिस्टर नाहीच."

त्यांचं खातं चालू केलं. जोडणी परत क्रमांकावर आणली. सरांना विचारलं नाही.

शुक्र.
आजोबांच्या मुलानं उशिराबद्दल तक्रार केली. शेख सिस्टरना नोटीस. उशिराची नाही, दुसऱ्याचा पासवर्ड वापरल्याची! चौकशी होईपर्यंत वॉर्डात यायचं नाही.

सोम., ९ फेब्रु.
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. अहवाल टाइप करून तयार: "सदर परिचारिकेचे खाते सुरू होते. पासवर्ड चुकीचा टाकला गेला असावा." खाली माझं नाव.
"सर, खातं बंद होतं."
"आपण दोघंच सांगू शकतो ते. सही कर."
"उद्या करते." असं का म्हणाले मी? नाही म्हणता आलं असतं.

आईला सांगितलं. भाजी निवडत होती. "तुला काय पडलंय? बोलणाऱ्यालाच आधी घरी बसवतात." थोड्या वेळानं, मान वर न करता, "मुलंबाळं आहेत का त्या बाईंना?"

मंगळ.
सही केली नाही. जेवायला माझ्या टेबलावर कुणी आलं नाही.

गुरु., १२ फेब्रु.
चौकशी समितीसमोर गेले. बोलावलं नव्हतं. जोडणी कुणी, कशी बदलली, त्यानं दोघींचं काय झालं, सगळं सांगितलं. सर समोरच बसलेले. अध्यक्ष म्हणाले, "तुम्हाला धोका माहीत होता, मग लेखी का नाही दिलं?"

बाहेर सर एवढंच म्हणाले, "छान."

सोम., १६ फेब्रु.
डेटाबेसचा ताबा काढून घेतला. "कामाची फेरवाटणी." उद्यापासून प्रिंटर आणि केबल. आज संध्याकाळपर्यंत फक्त बघता येतं, बदलता येत नाही. समितीचा निकाल नाही.

शेख सिस्टर खाली आल्या. बुरख्यावर एचआरनं दिलेला व्हिजिटरचा बिल्ला. "माझं नाव त्यात आहे ना? दाखव." ओळ काढून दाखवली. चष्मा लावून वाचलं. नाव बरोबर. क्रमांक बरोबर. वॉर्डचा रकाना रिकामा.
"इथं काहीच नाही."
"चौकशी संपल्यावर भरतात, सिस्टर."
"तूच भरशील ना?"

रिकाम्या रकान्यावर क्लिक केलं, उघडला नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.