तिरकी दांडी आणि एकशे एकोणचाळीस अक्षरं

३ जून, सकाळी ७.१०
सुटले! आजपासून माझ्याबद्दल कोणाचाही गैरसमज होणार नाही. प्रोफाइलमध्ये लिहून टाकलं: ‘मी न्यूरोडायव्हर्जंट आहे. मेंदू वेगळ्या वळणाचा. टोमणे कळत नाहीत, सरळ सांगा.’ बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी निदान केलं, ते फाइलमध्ये ठेवून काय करू? लायब्ररीत वीस वर्षं पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवतेय. चिठ्ठी नीट असेल तर पुस्तक भलत्या फळीवर जात नाही. माणसांचंही तेच.
खरं तर हे धाकटीसाठी. तिनं नव्या पडद्यांचे अकरा फोटो पाठवून विचारलं होतं, कसे वाटतात. मी लिहिलं, तिसऱ्या फोटोत दांडी तिरकी आहे. नऊ दिवस झाले, बहीण बोलत नाही. पंधराला तिचा चाळिसावा वाढदिवस. तोवर वाचेलच.

४ जून
धाकटीला मेसेज: प्रोफाइल बघ. एकच टिक. नेटवर्क.
काकूंचा फोन. त्यांना नावाखाली फक्त ‘मी न्यूरो’ एवढंच दिसतं. डाव्या पायाला मुंग्या येतात, गोळी कुठली घेऊ? मी डॉक्टर नाही म्हटलं, तर म्हणाल्या, आता घरच्यांनाही अपॉइंटमेंट लागते वाटतं. टोमणा असावा. प्रोफाइल पूर्ण वाचा म्हणून सांगितलं.

६ जून, दुपारी
परिणाम दिसू लागला! ग्रंथपालबाईंनी सरळ सांगितलं, तुम्ही शिक्के दार ठोठावल्यासारखे मारता. वर्तमानपत्रवाल्या आजोबांनी सांगितलं, मी रहस्यकथा देताना खुनी कोण तेही सांगते. शिपाईमामा म्हणाले, विषय निघालाच आहे तर, ज्या खुर्चीत बसून मी सहा वर्षं डबा खाते ती त्यांची आहे.
सरळपणा किती छान! मागच्या फळ्यांमध्ये जाऊन दहा मिनिटं रडले. आनंदानंच असेल.

९ जून
‘सरळ सांगा, पण हळू’ असं केलं.
धाकटी: एकच टिक. तिचा फोटोही दिसेना. बदलत असेल. गप्प आहे म्हणजे विचार करतेय.

१४ जून
प्रोफाइलचा सतरावा मसुदा. एकशे पस्तीस अक्षरं, मर्यादा एकशे एकोणचाळीस. चार शिल्लक, पण भर घालावी असं काही उरलेलंच नाही.
बोलावणं आलेलं नाही. लागतंय कशाला, आता तिला सगळं समजलंय. भेट घेतली: बुडबुड्याची लेव्हलपट्टी. दांडीसाठी. खूश होईल.

१५ जून, संध्याकाळी ६.४०
दारातच विचारलं, प्रोफाइल वाचलीस ना? कुठली प्रोफाइल, म्हणाली. तिनं मला दांडीच्या मेसेजनंतर लगेच ब्लॉक केलंय.
म्हणाली, ताई, तू कशी आहेस ते मला तू फ्रॉक घालायचीस तेव्हापासून माहितीय, डॉक्टर आत्ता आले. पण पडदे मी स्वतः शिवले होते. दीड महिना. दांडी दिसली, टाके नाही दिसले?
टाके बघितले. बारीक, एकसारखे. तसं सांगितलं. मग पट्टी दिली. तिनं पट्टी उलटसुलट करून पाहिली. मग स्टूल आणलं आणि म्हणाली, चढ.
बुडबुडा बरोब्बर मधोमध. दांडी सरळ होती. फोटो तिरका काढलेला.
धाकटीनं स्टूल धरलं होतं. ती इतकी हसली की बुडबुडा हलला.
केक खाऊन झाल्यावर ब्लॉक काढते म्हणाली. तीन तुकडे खाल्ले, अजून काढलेला नाही.
प्रोफाइलमध्ये चार अक्षरांची जागा आहे. ‘चुकलं’ तीनच.