कडूचं मत

सेलू, २१ ऑगस्ट १९८९

प्रिय बन्सी,

कडू वेडसर आहे, तिचं नाव मतदार यादीतून काढावं, अशी हरकत तू घेतलीस. पाठच्या नव्हे, तुझ्याहून मोठ्या सख्ख्या बहिणीवर. म्हणून हे लिहावं लागतंय. तिच्या नावची सुनावणीची नोटीस तू दडवलीस. तुझ्या बायकोनं, कमलनं, ती मला आणून दिली. वर म्हणाली, "आक्का, उद्या मलाबी येडी ठरवतील." तिच्यावर आवाज चढवलास, तर मी स्वतः पेडगावला येईन.

अठरा वर्षं तू कडूला हाताला धरून केंद्रावर नेलंस आणि शिक्का स्वतः मारलास. तेव्हा ती शहाणी होती. यंदा ग्रामपंचायतीला तू पॅनलच्या धावपळीत होतास. ती एकटी आत गेली आणि बाहेर येऊन पारावर सांगत सुटली, "म्या छत्रीवर शिक्का मारला!" छत्री म्हणजे तुझ्या पॅनलविरुद्ध उभी राहिलेली दगडाबाई. तुझा माणूस एकवीस मतांनी पडला, कडूच्या एका मतानं नव्हे. पण लोक हसले, ते तुला झोंबलं.

मी तिला विचारलं, छत्रीच का? म्हणाली, "दगडाबाई मला कडूबाई म्हणती. बाकीचे लय येडी येडी करत्यात." तू तुझ्या माणसाला मत का दिलंस, याचं इतकं सरळ उत्तर तुझ्याजवळ आहे?

कोर्टानं ठरवल्याशिवाय कुणाला वेडं म्हणून यादीतून काढता येत नाही. हे एवढंच सांगून मी मोकळी होणार होते. मग तुझ्या अर्जाला जोडलेला दाखला पाहिला. अक्षर माझं.

सत्तावन्न साली मी हैदराबादहून बी.ए. होऊन आले, गावच्या शाळेत नवी बाई म्हणून लागले. कडू तिसरीत, माझ्याच वर्गात. तपासणीला साहेब येणार होते आणि तिच्यामुळे वर्गाचा निकाल बिघडणार होता. "मंदबुद्धी, शिक्षणास अपात्र" असं लिहून मी तिला घरी बसवलं. आपल्या वडिलांना, दादांना सांगितलं, तिच्या भल्यासाठी. तेव्हा ती सावकाश का होईना, स्वतःचं नाव लिहीत होती. हे बत्तीस वर्षांत मी कुणाला सांगितलेलं नाही. तू तो कागद खरा धरलास, कारण तो मी लिहिला होता. तुला बोलण्याआधी मला हे कबूल करायचं होतं. तुझ्या हरकतीचा निकाल गुरुवारी आहे. त्याआधी हरकत मागे घे.

तुझीच,
आक्का

आज परभणीच्या तहसील कचेरीत दिलं: दाखला खोटा असल्याचा माझा जबाब, सहीसह, एक. नाव राहू द्यावं असा कडूचा अर्ज, एक. त्यावर तिचा अंगठा आहे. नाव लिहायला ती विसरली आहे.