सुनेच्या गाडीचा शॉकअप

शनिवार संध्याकाळ, ओतूर

मेकॅनिक म्हणाला, "शॉकअप दुसऱ्याच गाडीचा हाय बाई, फेकून द्या." ते पटेना, म्हणून स्वतःच बघायला बसले. सून वैशाली उद्या दगडधोंड्यांवरून मोटरसायकल चढवण्याच्या स्पर्धेत उतरणार, आणि मागचं चाक तिला प्रत्येक दगडावर उडवतंय. पडली तर?

डिझेलने शॉकअप पुसला. चिखलाखाली नंबर निघाला, तो गाडीच्या पुस्तकातलाच. मग दोष कुठे? वैशालीला पायदानांवर उभं करून शिवणाचा टेप लावला. मागची बाजू बोटभरच दबली. दबायला हवी तीन बोटं.

गाडीच्या जुन्या मालकाला शिनोलीला फोन केला. तो हसला. "कॅरिअर ठोकून दुधाचं कॅन न्यायचो ताई. वजन पेलायला स्प्रिंग लई आवळली व्हती!"

स्पर्धेच्या गाडीवर दूध! घेतानाच का नाही विचारलं मी?

स्प्रिंगची रिंग थोडी थोडी सैल केली, दरवेळी टेप लावला.

"आई, माझा ब्लाउज शिवताय का?"

"नीट उभी राहा."

तीन बोटं भरली. वैशाली अंगणातल्या धोंड्यावरून गाडी घेऊन गेली, उडाली नाही.

गाडी वैशालीच्या हवाली केली. उद्या तिथेही मोजायला टेपही दिला.