राल्फच्या बहिणीची जागा

९ नोव्हेंबर १९७६
प्रबंधाचं तिसरं प्रकरण अडलंय. राल्फ हॉल्बरी, इंग्लंडातला पाचेकशे वर्षांपूर्वीचा जमीनदार. निपुत्रिक मेला, जमीन 'नेफ्यू'कडे गेली. मी वंशावळीत त्याला पुतण्या म्हणून राल्फच्या भावाखाली बसवला. पण याचं आडनाव वेन! काकाचं आडनाव एक, पुतण्याचं दुसरंच. डोकं चालत नाही.
मौद्याच्या शेतावरून धाकटी बहीण सुशी आली. धानाची कापणी आटोपली. हाताला चिरा पडल्यात, पण तोंडाला विश्रांती नाही. बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते वावर तीच पाहते.

१२ नोव्हें.
बाबांनी जेवताना काढलं, वावर मधूच्या नावानं करतो. मधू म्हणजे काकांचा मुलगा. धान कोणतं न् गवत कोणतं, त्याला विचारू नये.
"पोरी लगन करून जातेत. वंश त मधूच चालवन."
मी म्हटलं, वावर तर सुशी चालवते. सुशी ताटावरून उठली. फार वाईट वाटलं.

१८ नोव्हें.
सरांना प्रकरण दाखवलं. वेन आडनावाचं त्यांनी विचारलं तर "दत्तक गेला असेल," मी ठोकून दिलं. सर हसले. तिकडे तेव्हा दत्तक घ्यायची चालच नव्हती म्हणे. "राल्फला बहीण नव्हती का हो?"
होती की. ॲग्नेस. वेनांच्या घरी दिलेली. नाव वाचलं होतं, वंशावळीत घ्यायचं सुचलं नाही. आमच्या घरच्या वंशावळीत बाईच नाही, नऊ पिढ्या पुरुषांना पुरुषच होत आलेत. म्हणजे पुतण्या नव्हे, भाचा; इंग्रजीत दोघेही 'नेफ्यू'च. घरापासून कॉलेजपर्यंतची माझी सारी विद्या एका शब्दात आडवी.

१९ नोव्हें.
नवी वंशावळ बाबांना दाखवली.
"हे कोन?"
"राल्फची बहीण. जमीन तिच्या मुलाकडे गेली."
"मंग वंश बुडाला?"
"नाही. पुढे कितीतरी पिढ्या तिथेच नांदल्या. आडनाव बदललं तेवढं."
"हिले आधी काहून नाही लिहिलं?"
"आपल्यात लिहीत नाहीत म्हणून."
बाबांनी कागद पुन्हा वरपासून वाचायला घेतला. मी मुद्दाम उठले नाही.

२४ नोव्हें.
मधू कागदपत्रांचं विचारायला आला. बाबा: "थांब ना गा, घाई काय हाय?" मला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या. सुशीला सांगितलं तर म्हणते, "ताई, तुह्या राल्फले माहा नमस्कार सांग वं."

२८ नोव्हें.
बाबांनी ट्रंकेतून आमची वंशावळ काढली. स्वतःच्या नावाखाली रेघ ओढली, खाली आम्हा दोघींची नावं. पेन्सिलीनं.
सुशी मागे उभी. "शाईनं काहून नाही, बाबा?"
"पाहू दे आधी, कसं दिसते त."
सुशी हसली. किती दिवसांनी. वावराचं कोणी काढलं नाही.
कागद ट्रंकेत परत गेलेला नाही, टेबलावरच आहे. मी दौत भरून शेजारी ठेवली.